गुल्हाने ग्रेडरच्या सायकलवाटा

तुमचा फोटो मिळाला. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यांना पट्टे, मागे गर्द झाडी, आणि वळणावर एक देखणी पाटी. कोणती वाट सोपी, कोणती अवघड, चढ कुठे, उतार कुठे, सगळं तिच्यावर लिहिलेलं. ईशानने खाली विचारलं आहे, "आजी, शहरातल्या शहरात असं जंगल तुमच्या यवतमाळला असणं शक्य आहे का?"

शक्य आहे नव्हे, होतं. वाटाही होत्या आणि वाटांच्या खुणाही होत्या. त्या खुणा खारींनी पळवल्या, एवढंच. पण हे मधूनच सुरू झालं. मला क्रमाने सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, हे तुमच्या आईला ठाऊक आहे. म्हणून आधी गुल्हाने.

आमच्या घराला लागून गुल्हान्यांचं घर होतं. मधे कंबरेएवढी भिंत. दादाराव गुल्हाने सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. ग्रेडर म्हणजे कोण, हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. शेतकरी गाडी भरून कापूस आणायचा. ग्रेडर त्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायचा, आतून एक पुंजका काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचा, उजेडाकडे धरायचा, नाकाशी न्यायचा आणि एकच शब्द बोलायचा. त्या शब्दावर गाडीचा भाव ठरायचा. सगळ्यात वर सुपर. मधला एफएक्यू, म्हणजे बरा, चालण्यासारखा. त्याखाली फेअर. आणि किडका, डागाळलेला, धड न उमललेल्या बोंडातला तो कवडी.

आता आयुष्यभर दिवसाकाठी एवढे निकाल देणाऱ्या माणसाने संध्याकाळी घरी येऊन गप्प बसावं, ही अपेक्षाच चुकीची. गुल्हाने भाकरीला ग्रेड लावत. पडद्याच्या कापडाला लावत. कीर्तनाला गेले तर बुवांना लावत, तीही बुवांना ऐकू जाईल अशी. अंगावर चार खिशांचा राखी सफारी, बोटं लांब आणि सुकलेली, कानातल्या केसांत कापसाचा एक तंतू कायम अडकलेला. तो कापूस आहे की केसच आहे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तुमच्या मावशीला पाहायला मुलगा आला होता तेव्हाची गोष्ट. पोहे झाले, प्रश्न झाले. तेवढ्यात गुल्हाने पेपर मागायच्या निमित्ताने आत आले. मुलाशी हस्तांदोलन केलं, हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला आणि अंगठ्याने दाबून पाहिला. मुलगा बिचारा हसत राहिला. पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?"

"एफएक्यू."

"म्हणजे चांगलाच की."

"चांगलाच हाय मॅडम. पण ओला हाय. आतून वाळला नाही अजून. एक उन्हाळा जाऊ द्या."

मावशी स्वयंपाकघरात इतकी हसली की चहाचा ट्रे खाली पडला. एक उन्हाळा गेल्यावर तिने त्याच मुलाशी लग्न केलं. तेच तुमचे काका. आता वाळले आहेत चांगले.

इंदूबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कोणती ग्रेड दिली होती, असं मी एकदा भिंतीवरून विचारलं. उत्तर इंदूबाईंनीच दिलं. "हे मले काय ग्रेड लावतीन मॅडम! मीच ह्यायले लग्नाच्या दुसऱ्या दिवशी लावली." कोणती ते सांगितलं नाही, पण गुल्हाने लगेच उठून मागच्या दारी पाणी भरायला गेले.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. तुम्ही तेव्हा जन्मलेले नव्हतात आणि तुमच्या आईने ती हॉस्टेलमधून पाहिली. बोंडअळी, भाव, पाऊस, सगळं एकदम बिघडलं. सकाळी पेपर उघडताना, कुठल्या शेतकऱ्याने जीव दिला, त्या गावाचं नाव आधी वाचायचं आणि आपल्या ओळखीचं कोणी नाही ना, एवढं पाहून मग श्वास सोडायचा, अशी सवय आमच्या गल्लीत सगळ्यांना लागली. सरकारी खरेदी आकसत गेली, गुल्हान्यांचं केंद्र बंद झालं आणि ते वेळेआधीच घरी बसले. जन्मभर ढिगांवर चढउतार करून गुडघे केव्हाच गेले होते. डॉक्टर म्हणाले, "चालणं कमी करा. सायकल चालवा, तिने गुडघ्यांवर भार येत नाही." डॉक्टरांना वाटलं असेल, म्हातारा गल्लीत दोन फेऱ्या मारील.

शहर संपून लोहाऱ्याकडे जाणारा रस्ता लागतो तिथे एक टेकडी आहे. त्याच सुमारास तिला तारेचं कुंपण आणि पुढे एक फाटक बसवून तिचं वनउद्यान केलं होतं. साग, धावडा, मोह, पळस, खाली एक तळं. वर उभं राहिलं की एका बाजूला आमचं अस्ताव्यस्त शहर, दुसऱ्या बाजूला उद्योग वसाहतीची पत्र्याची छपरं. गुल्हाने आपली काळी, जडशीळ सायकल घेऊन तिथे शिरले आणि शेळ्यांच्या पायवाटांवर चालवू लागले. जिथे रायमुनियाच्या काटेरी झुडपांनी वाट अडवली होती तिथे घरून कोयता नेला. वर्षभरात टेकडीवर तीन सलग वाटा तयार झाल्या. तळ्याभोवतीच्या सावलीतली ती सुपर. टेकडीच्या माथ्यावर नेणारी ती एफएक्यू. आणि मागच्या अंगाने दगडगोट्यांतून नाल्यात उतरणारी, दात खिळखिळे करणारी ती कवडी.

हळूहळू आम्ही सात-आठ जण त्यांच्या मागे जाऊ लागलो. मीही होते, बास्केटवाल्या लेडीज सायकलवर, पदर खोचून. माझं काम मागे राहून ब्रेक लावणं.

"मॅडम, ब्रेक कायले लावता?" गुल्हाने पुढून ओरडत. "चढाले घाम गाळला ना? मंग उतार हक्काचा हाय, घ्या ना!"

"पडले तर?"

"पडले तर पडले. साहेब हाय ना घरी, वरण-भात लावतीन."

तुमच्या आजोबांना वरण-भात लावता येत नव्हता, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

टेकडीवर ते सगळ्यांची टिंगल करत. निवृत्त मुख्याध्यापक धापा टाकू लागले की, "सर, घंटा झाली काय?" बँकेतले एक गृहस्थ नव्या कोऱ्या गिअरच्या सायकलवर आले, तर तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "सायकल सुपर हाय. वरचा माल बदलून आणा." फक्त एखाद्या सकाळी ते काही बोलत नसत. न बोलता माथ्यापर्यंत जात, तिथे सायकल धावड्याला टेकवून शहराकडे पाठ करून बसत. त्या दिवशी पेपरात त्यांच्या जुन्या केंद्राच्या बाजूचं गाव असायचं.

एकदा तळ्याशी एक शेतकरी भेटला. मुलीला कॉलेजात सोडायला आलेला, वेळ काढायला उद्यानात आलेला. त्याने गुल्हान्यांना ओळखलं आणि सायकलच्या पुढे उभा राहिला.

"तुम्हीच ना माह्या कापसाले फेअर लावलं होतं?"

आम्ही सगळे थबकलो. त्या वर्षांत असा प्रश्न साधा नसे.

गुल्हान्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "कोनतं गाव?" त्याने सांगितलं. "लाल बैल, एक शिंग मोडकं?"

"हाव."

"लावलं होतं फेअर. आजही लावीन. वजनासाठी खालून पानी मारून आनला होता तुम्ही."

तो माणूस खदखदा हसला. "पानी तं मारलं होतं बाप्पा! पन बाकीच्यायच्या गाड्यायलेबी मारलं होतं ना!"

"त्यायलेबी फेअरच लावलं." मग गुल्हान्यांनी आपली सायकल त्याच्या हातात दिली. "घ्या, एक चक्कर मारून या. टायरात हवा मारली हाय, पानी नाही."

आता त्या खुणांकडे येते.

उद्यानाची एक समिती होती. अध्यक्ष एका जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीचे, मालक. नाव सांगत नाही, त्यांचीही नातवंडं तुमच्यासारखीच कुठेतरी फोटो काढत असतील. समितीने ठरवलं की उद्यानाचं सौंदर्यीकरण करायचं: मधोमध सिमेंटचा रस्ता, दोन्ही बाजूंना गट्टूंची फरसबंदी, सिमेंटचे प्राणी. आणि सायकली बंद. हे कळल्यावर गुल्हाने त्यांच्याकडे गेले आणि एवढंच म्हणाले की साहेब, बंद करायच्या आधी एकदा स्वतः चालवून पाहा. अध्यक्षांना ते आवडलं. त्यांनी तारीख दिली. मंडप, बँड, फीत, पत्रकार, सगळं ठरलं. फेरी आवडली तर मातीच्या वाटा राहतील, सायकली राहतील. नाही आवडली तर नाही.

त्या आठवड्यात गुल्हान्यांना मी प्रथमच काळजीत पाहिलं.

"मॅडम, मले चालता येत नाही. सायकल गेली तं मी घरात. घरात इंदू. मंग आमच्यातलं एक कोनीतरी जेलात जाईन."

पाहुण्यांची वाट चुकू नये म्हणून प्रत्येक फाट्यावर खूण हवी होती. पाट्या लावायला समितीची परवानगी नव्हती. गुल्हान्यांच्या कपाटात केंद्रावरच्या नमुन्यांच्या पिशव्या पडून होत्या, तेव्हा त्यांनी त्यांच्या दृष्टीने सर्वांत सोपा उपाय केला. फाट्याफाट्यावरच्या झुडपांना कापसाचे पुंजके बांधले. सुपरच्या वाटेवर सुपर कापूस, एफएक्यूच्या वाटेवर एफएक्यू आणि कवडीकडे वळणाऱ्या फाट्यावर कवडीतला बरा पाहून.

मी पाहायला गेले. मला सगळीकडे कापूस दिसला.

"भाऊ, हे सगळं सारखंच दिसतं हो."

"सारखं?" त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या दोन्ही मुलांना एकाच नावाने हाक मारली. "मॅडम, हा पाहा, दुधावानी पांढरा. अन् हा पाहा, जरासा पिवळा, धागा तोकडा. आंधळ्यालेबी समजते."

"कोणाला समजणार?"

"अध्यक्षायले समजन. जिनिंगवाला हाय तो."

मार्च महिना होता. पळस पेटलेला. आणि मार्चमध्ये खारी आणि बारके पक्षी घरटी बांधतात, हे टेकडीवर रोज येणाऱ्या आम्हा सात-आठ जणांपैकी एकालाही सुचलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात कापूस मोकळा टांगून ठेवला, तर तो सगळ्यांना हवाच असतो.

फेरीच्या सकाळी इंदूबाईंनी भिंतीवरून माझ्यासमोर त्यांना बजावलं, "आज एक दिवस तोंड शिवून ठेवा. एकच दिवस. अध्यक्ष बोलन तं हाव म्हना."

"हाव."

"पाहा मॅडम, जमते त्यायले."

अध्यक्ष पांढऱ्या धोतर-सदऱ्यात आले. मागे पाहुणे, त्यांच्या मागे पत्रकार, मग आम्ही. गुल्हाने पुढे निघाले तसे अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही मागे या. खुणा कापसाच्या आहेत ना? मग मला कोणी वाट दाखवायची गरज नाही." आणि झाले पुढे. गुल्हान्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि मागे आले.

पहिल्या फाट्यावर पुंजकेच नव्हते. दुसऱ्यावर एक खार शेवटचा पुंजका तोंडात कोंबून झाडावर चढताना आम्ही सगळ्यांनी पाहिली. तिच्या गालफडांकडे पाहून मुख्याध्यापकांना खोकल्याची उबळ आली. तिसऱ्या फाट्यावर मात्र एक पुंजका शिल्लक होता. अध्यक्षांनी सायकल थांबवली, पुंजका तोडून हातात घेतला, मागे वळून पत्रकारांकडे पाहत म्हणाले, "सुपर!" आणि उजवीकडे वळले.

उजवीकडे ती नाल्यात उतरणारी वाट होती.

"साहेब!" गुल्हाने ओरडले, पण उताराने अध्यक्षांना आपल्या ताब्यात घेतलं होतं. दगडांवरून टणाटणा उडत, रायमुनियातून फरफटत, नाल्यातला चिखल दोन्ही बाजूंना उडवत ते कुंपणाच्या पडक्या भागातून थेट उद्योग वसाहतीच्या मागच्या रस्त्यावर निघाले. तिथे पाळी बदलायची वेळ होती. बसची वाट पाहत उभे असलेले कामगार बाजूला झाले आणि त्यांनी आदराने वाट दिली. धोतर काट्यावर अर्धं राहिलं होतं. टेकडीपलीकडे फाटकाशी बँडवाल्यांना कोणीतरी चुकून इशारा केला आणि बँड वाजू लागला.

आम्ही खाली पोचलो तेव्हा अध्यक्ष रस्त्याच्या कडेला बसले होते. पुंजका अजून मुठीत होता.

"हा सुपर नव्हता?" त्यांनी विचारलं.

गुल्हान्यांनी त्या क्षणी "हाव, सुपरच होता साहेब, वाटच चुकीची" असं म्हटलं असतं, तर मला वाटतं ती वेळ निभावली असती. त्यांनी ओठ मिटलेले होते. मी पाहत होते. पण त्यांचा हात पुढे गेला. त्यांनी पुंजका घेतला, चिमटीत धरला, ओढला, उजेडाकडे धरला.

"कवडी," ते म्हणाले. मग खरोखरच्या काळजीने म्हणाले, "साहेब, तुमची जिनिंग चालते कशी?"

कामगारांपैकी कोणीतरी पहिल्यांदा हसलं. मग कोणालाच आवरलं नाही.

आठवडाभरात फाटकावर फलक लागला: उद्यानात सायकल चालवण्यास सक्त मनाई आहे.

इंदूबाईंनी त्यांना माफी मागायला पाठवलं. इस्त्रीचा सफारी घालून गेले. तासाभराने परत आले, भिंतीशी उभे राहिले. इंदूबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"माफी मागतली."

"मंग?"

"त्यानं बसवलं. चहा देल्ला."

"मंग?"

"मंग त्यानं इचारलं, चहा कसा हाय?"

इंदूबाईंनी कपाळाला हात लावला. "अन् तुम्ही सांगतलं."

"इचारलं तं सांगतलं."

त्यानंतर सिमेंटचे प्राणी आले. एक जिराफ, दोन हरणं आणि कोणीतरी देणगी दिली म्हणून एक डायनोसॉर. जिराफाचा चेहरा बदलीची ऑर्डर मिळालेल्या माणसासारखा होता. सिमेंटचा रस्ता जिराफापर्यंत आला आणि तिथेच निधी संपला. त्यापलीकडच्या मातीच्या वाटांना कोणी हात लावला नाही, पण तिथे चालत जाणाऱ्यांनीच जावं, असा नियम झाला. आमच्यातले बाकीचे चालू लागले. गुल्हाने घरात बसले.

ते दोन महिने इंदूबाईंनी कसे काढले, त्यांनाच ठाऊक. मी भिंतीपलीकडून एवढंच ऐकायची: "चहा फुळक. भाजी खारट. टीव्हीचा आवाज फेअर." मग आवाज येईनासे झाले, आणि ते जास्त वाईट होतं. एका सकाळी मी पेपर द्यायला गेले तर ते खाटेवर पाय लांब करून बसले होते. दोन्ही गुडघे सुजलेले. पेपर हातात घेतला आणि न उघडताच बाजूला ठेवला.

"मॅडम," ते म्हणाले, "फलकावर काय लिहेल हाय? नीट सांगा."

"सायकल चालवण्यास मनाई."

"आनन्यास नाही?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी ते सायकल हातात धरून फाटकातून आत गेले. फाटकावर आत्राम नावाचा चौकीदार होता. पांढरकवड्याकडचा, मितभाषी माणूस, दिवसभर लोखंडी खुर्चीवर बसून टेकडीकडे पाहत असायचा. त्याने फलकाकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं आणि पुन्हा टेकडीकडे पाहू लागला. गुल्हाने हँडलवर सगळा भार टाकून, एकेक पाऊल ओढत जिराफापर्यंत गेले आणि परत आले. बैलाला पाणी पाजायला न्यावं तशी सायकल नेली आणि आणली. एवढ्याने त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता.

"कशाला एवढा त्रास?" मी म्हणाले.

"हिले सवय हाय ना टेकडीची," सायकलच्या सीटवर हात ठेवून ते म्हणाले. "घरात गंजून जाईन."

असे ते रोज येऊ लागले. रोज जिराफापर्यंत, मग जिराफाच्या पुढे मातीपर्यंत, मग पहिल्या चढापर्यंत. पाऊल पुढे पडत होतं ते पाय बरे होते म्हणून नव्हे. उलट दर दिवशी अधिक वाकलेले दिसत.

तुमच्या आजोबांची बदली झाली आणि आमचं यवतमाळ सोडायचं ठरलं. निघण्याच्या आदल्या सकाळी मी शेवटचं टेकडीवर गेले. नंतर दोन पावसाळ्यांनी इंदूबाईंचं पत्र आलं की ते गेले. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच सकाळी.

मी फाटकाशी आत्रामशी बोलत उभी होते. गुल्हाने सायकल ढकलत पहिला चढ चढून वर पोचले होते. तिथे दम घ्यायला थांबले. खाली तळ्याकडे उतरणारी मोकळी वाट, दोन्ही बाजूंना साग. त्यांनी मान फिरवून आधी इकडे पाहिलं, मग तिकडे. मला वाटतं आम्हालाही पाहिलं.

आत्राम उठला. लोखंडी खुर्ची उचलली, खरखर आवाज करत पूर्ण फिरवली, रस्त्याकडे तोंड आणि टेकडीकडे पाठ करून ठेवली आणि तिच्यावर पुन्हा बसला.

वर गुल्हान्यांनी पाय टाकून सीट गाठली. एक हिसका बसला, सायकल डगमगली, आणि सुटली. ब्रेक नाही. दोन्ही पाय बाजूला ताठ पसरलेले, सफारीचा मागचा भाग हवेने फुगलेला. सागाच्या खोडांमधून दिसत, नाहीसे होत, पुन्हा दिसत ते तळ्यापर्यंत गेले, वळले आणि झाडीत शिरले. वाटेवरची धूळ थोडा वेळ उन्हात तरंगत राहिली.

"मॅडम," आत्राम रस्त्याकडे पाहतच म्हणाला, "तुमाले कोनी सायकलवर दिसलं काय?"

"नाही," मी म्हणाले.

"मलेबी नाही," तो म्हणाला.